जाहिरातीतला शेतकरी आणि जाहिरातीबाहेरचा

(विशेष प्रतिनिधी)

यवतमाळ जिल्ह्यातील जळका आणि दाभडी ही दोन गावे तशी लहान. राज्याच्या नकाशावर ती शोधावी लागतात. मात्र जळक्याच्या एका शेतकरी महिलेचे नाव २००८ मध्ये लोकसभेच्या सभागृहातून देशभर गेले, तर दाभडीतील एक सभा २०१४ मध्ये उपग्रहाद्वारे शेकडो ठिकाणी दाखवली गेली. दोन्ही वेळा निमित्त होते कापूस पिकवणाऱ्या माणसाचे आणि दोन्ही वेळा बोलणारा नेता राष्ट्रीय पक्षाचा होता. शेतकरी आत्महत्यांमुळे चर्चेत आलेला हा जिल्हा पुढे राजकीय प्रचाराचे आवडते चित्रीकरणस्थळ झाला, असे म्हटल्यास ते कडवट वाटेल. पण घटनाक्रम पाहिला तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

प्रचारात सामान्य माणसाचा चेहरा कसा येतो, त्याचा खर्च कोणत्या खात्यात पडतो, कायदा कुठवर पोहोचतो आणि ज्याचा चेहरा वापरला त्याने स्वतः तोंड उघडले तर काय होते, याचा हा आढावा.

जळक्याच्या कलावती

२२ जुलै २००८ हा दिवस संसदेच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहिला. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या प्रश्नावर डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतल्याने मनमोहनसिंग सरकारला त्या दिवशी विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जावे लागले आणि त्याच चर्चेत सभागृहात नोटांची बंडले दाखवण्यात आली. त्या गदारोळात राहुल गांधी यांनी केलेल्या भाषणात जळक्याच्या कलावती बांदूरकर यांचे नाव आले. पतीच्या आत्महत्येनंतर शेती आणि मोठे कुटुंब सांभाळणाऱ्या या महिलेच्या उदाहरणातून ऊर्जा आणि गरिबी यांचा संबंध त्यांनी मांडला. राहुल गांधी त्याआधी त्यांच्या घरी जाऊन आले होते.

पुढच्या काही दिवसांत जळक्याच्या रस्त्याने जेवढ्या वाहिन्यांच्या गाड्या आल्या, तेवढ्या तोवर आल्या नसतील. सुलभ इंटरनॅशनलने लाखो रुपयांची मदत जाहीर केली. वर्षभरातच, २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, विदर्भ जनआंदोलन समितीकडून त्यांना वणी मतदारसंघातून उभे करण्याची घोषणा झाली. म्हणजे ज्या नावाचा उपयोग एका पक्षाने दाखला म्हणून केला, तेच नाव दुसऱ्यांनी त्या पक्षाच्या विरोधातले निशाण म्हणून उचलले. कुटुंबाचे दुःख मात्र संपले नाही. नंतरच्या वर्षांत त्या घरात आणखी मृत्यू झाले आणि प्रत्येक वेळी बातमीचा मथळा कलावतींच्या नावानेच सुरू झाला.

तब्बल १५ वर्षांनी, ९ ऑगस्ट २०२३ रोजी, अविश्वास ठरावावरील चर्चेत गृहमंत्री अमित शहा यांनी हेच नाव पुन्हा घेतले. राहुल गांधी यांना राजकारणात १३ वेळा उतरवण्याचा प्रयत्न झाला, अशी कोपरखळी मारताना त्यांनी कलावतींना घर, वीज, गॅस आदी सोयी मोदी सरकारने दिल्या, असे सांगितले. त्यानंतर पत्रकार जळक्याला पोहोचले तेव्हा कलावतींनी या दाव्याचा इन्कार केला आणि आपल्याला मदत राहुल गांधींमुळे मिळाल्याचे सांगितले. काँग्रेसने हक्कभंगाची सूचना दिली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की दोन्ही भाषणे संसदेत झाल्याने त्यांना घटनेच्या १०५ व्या कलमाचे संरक्षण होते. ज्या व्यक्तीविषयी ती होती, तिला मात्र उत्तर देण्यासाठी घराच्या ओसरीवर जमलेल्या कॅमेऱ्यांखेरीज दुसरी जागा नव्हती.

अमेरिकेतला प्लंबर

हा प्रकार आपल्याकडचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही. दूरचित्रवाणीच्या प्रचाराचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत त्याला नावही आहे. जानेवारी १९८२ मध्ये वॉशिंग्टनजवळ विमान कोसळले, तेव्हा लेनी स्कटनिक या सरकारी कर्मचाऱ्याने पोटोमॅक नदीच्या बर्फाळ पाण्यात उडी घेऊन एका महिलेला वाचवले. दोनच आठवड्यांनी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी संसदेपुढील वार्षिक भाषणाच्या वेळी त्यांना प्रेक्षक सज्जात बसवून त्यांचा गौरव केला. तेव्हापासून अशा निमंत्रित सामान्य माणसांना तिथले पत्रकार ‘स्कटनिक’ असेच म्हणतात; विशेषनामाचे सामान्यनाम झाले.

कलावतींच्या गोष्टीशी अधिक जुळणारे उदाहरण त्याच वर्षातले आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये ओहायो राज्यात सॅम्युअल जोसेफ वुर्झेलबाकर या प्लंबरचे काम करणाऱ्या गृहस्थाने उमेदवार बराक ओबामा यांना कराविषयी प्रश्न विचारला. तीन दिवसांनी, १५ ऑक्टोबरच्या जाहीर वादसभेत, जॉन मॅकेन यांनी ‘जो द प्लंबर’ म्हणून त्यांचा उल्लेख केला आणि तो दोन्ही उमेदवारांनी इतक्या वेळा केला की ती सभा त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांनी त्यांच्याकडे प्लंबरचा परवाना नसल्याचे शोधून काढले. २०१२ मध्ये हेच गृहस्थ रिपब्लिकन पक्षातर्फे ओहायोतून प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. उदाहरण म्हणून उचललेला माणूस पुढे उमेदवार होतो, हा प्रवास वणीपासून ओहायोपर्यंत सारखाच दिसतो.

फरक आहे तो उलटतपासणीत. अमेरिकी पत्रकारांनी प्लंबरचा परवाना तपासला. हा एका खासगी माणसावरचा अन्याय होता, अशी टीका तिथेही झाली. आपल्याकडे कलावतींच्या घरी गेलेल्या बहुतेक बातमीदारांनी त्यांच्या घरातली भांडी मोजली. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी होती आणि त्यापुढच्यांना सवलतीपुरतीच. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन कागदावर मोठी आणि उत्पन्न लहान, त्यामुळे या अटीवरून त्या वेळी बरीच ओरड झाली होती. या विषयावरचे वृत्तांकन कलावतींच्या घरातील छायाचित्रांच्या तुलनेत फारच थोडे होते.

दाभडीचा चहा

दाभडी हे आर्णी तालुक्यातील गाव. २० मार्च २०१४ रोजी तिथे भारतीय जनता पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी यांची ‘चाय पे चर्चा’ झाली. या मालिकेचे मूळ एका टोमण्यात आहे. जानेवारी २०१४ मध्ये काँग्रेसच्या दिल्लीतील अधिवेशनात मणिशंकर अय्यर यांनी मोदींच्या चहा विकण्यावरून शेरा मारला आणि भाजपच्या प्रचारयंत्रणेने तोच शेरा उचलून त्याचा कार्यक्रम केला. विरोधकाच्या उपहासाचे भांडवल करण्याचे हे अलीकडच्या भारतीय प्रचारातील सर्वांत यशस्वी उदाहरण मानावे लागेल. प्रशांत किशोर यांच्या ‘सिटिझन्स फॉर अकाउंटेबल गव्हर्नन्स’ या गटाने आखणी केलेल्या या मालिकेतील पहिली चर्चा १२ फेब्रुवारीला अहमदाबादेत, दुसरी महिलादिनी दिल्लीत आणि शेतकऱ्यांवरची तिसरी दाभडीत झाली.

दाभडीची निवड विचारपूर्वक होती. निवडणुकीची घोषणा ५ मार्चला झाली होती आणि विदर्भातील दहाही मतदारसंघांत १० एप्रिलला मतदान व्हायचे होते. चहाच्या टपरीची प्रतिमा, आत्महत्याग्रस्त जिल्हा आणि उपग्रहाद्वारे थेट प्रक्षेपण, अशी तिहेरी जुळणी त्यात साधली गेली. गावकरी समोर बसलेले, नेता त्यांच्याशी बोलतो आहे आणि देशभरातील टपऱ्यांवर लोक ते पाहत आहेत, अशी रचना होती. कार्यक्रमाला चर्चा म्हटले गेले असले, तरी बोलण्याचा वेळ दोन्ही बाजूंना सारखा वाटून दिलेला नव्हता, हे उघड आहे. विदर्भातील सर्व दहा जागा त्या वेळी भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या. त्याचे श्रेय एका चहाच्या कार्यक्रमाला देणे भाबडेपणाचे होईल. काँग्रेसविरोधी लाट राज्यभर होती.

भाजपच्या २०१४ च्या जाहीरनाम्यात उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के नफा मिळवून देण्याचे आश्वासन होते. दाभडीच्या नावाशी ते कायमचे जोडले गेले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१३-१४ च्या हंगामात क्विंटलला ४,००० रुपये होता. २०२४-२५ मध्ये तो ७,५२१ रुपये झाला. केंद्र सरकारने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाचे सूत्र लागू केल्याचे जाहीर केले. मात्र खर्च कोणता धरायचा, शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढाच, की जमिनीचे भाडे व भांडवलावरील व्याजही, यावरचा वाद मिटलेला नाही. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचा अर्थ दुसऱ्या पद्धतीने लावणाऱ्या शेतकरी संघटनांच्या मते आश्वासन अपुरे राहिले. सरकारच्या मते ते पूर्ण झाले. जाहिरातीतल्या एका ओळीत ‘खर्च’ हा शब्द सहज मावतो, त्याची व्याख्या मावत नाही.

विरोधकांनाही या जिल्ह्याचे महत्त्व कळले होते. राष्ट्रवादी काँग्रेसने डिसेंबर २०१७ मधील ‘हल्लाबोल’ पदयात्रा यवतमाळहूनच नागपूरकडे काढली. मोदी पंतप्रधान म्हणून १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पांढरकवड्याला आले, तर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या सभेतून पीएम-किसान योजनेचा १६ वा हप्ता वितरित झाला. २०१४, २०१९ आणि २०२४ ही तिन्ही वर्षे लोकसभा निवडणुकीची होती, हे वेगळे सांगायला नको.

खर्च कोणाच्या खात्यात

अशा कार्यक्रमांचा हिशेब कसा होतो, हे फार थोड्या मतदारांना ठाऊक असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या ७७ व्या कलमानुसार खर्चाची मर्यादा असते ती उमेदवाराला. महाराष्ट्रात लोकसभेसाठी ती २०१४ मध्ये ७० लाख रुपये होती. २०२२ मध्ये ती ९५ लाख करण्यात आली आणि विधानसभेसाठी ४० लाख. पक्षाच्या खर्चाला मात्र कोणतीही मर्यादा नाही. २०१४ च्या निवडणुकीचा हिशेब पक्षांनी आयोगाला सादर केला, तेव्हा भाजपने सुमारे ७१४ कोटी आणि काँग्रेसने सुमारे ५१६ कोटी रुपये खर्च दाखवला. ‘स्टार प्रचारक’ नेत्याच्या प्रवासाचा खर्च पक्षाच्या खात्यात जातो. व्यासपीठावर उमेदवार नसेल आणि त्याच्या नावाने मत मागितले नसेल, तर सभेचा खर्चही त्याच्या डोक्यावर येत नाही. त्यामुळे मोठी जाहिरात मोहीम उमेदवाराच्या ९५ लाखांच्या चौकटीला न शिवता बाहेरून निघून जाते.

दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना भारतात २००४ पर्यंत बंदी होती. केबल टेलिव्हिजन नियमांतील ती तरतूद न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००४ रोजी अंतरिम आदेश देऊन जाहिरातींना पूर्वप्रमाणनाच्या अटीवर वाट मोकळी केली. तेव्हापासून वाहिनीवर जाहिरात देण्याआधी ती निवडणूक यंत्रणेच्या समितीकडून तपासून घ्यावी लागते. मान्यताप्राप्त पक्ष व उमेदवारांनी प्रक्षेपणाच्या किमान तीन दिवस आधी, तर इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा असतो. आकाशवाणी, खासगी एफएम, चित्रपटगृहे, मोबाईलवरील घाऊक संदेश आणि २०१३ नंतर समाजमाध्यमे, ही सारी त्या कक्षेत येतात. छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव असणे १२७-अ कलमानुसार बंधनकारक आहे.

अमेरिकेत नेमके उलट आहे. तिथे उमेदवाराची जाहिरात वाहिनीला तपासता वा अडवता येत नाही. २००२ च्या कायद्यानुसार उमेदवाराने स्वतःच्या आवाजात ‘हा संदेश मला मान्य आहे’ असे सांगावे लागते, एवढेच. आपल्याकडे तपासणी आधी होते, तिथे जबाबदारी नंतर येते. यातली कोणती पद्धत बरी, यावर वाद होऊ शकेल. प्रस्तुत विषयापुरते सांगायचे तर जाहिरातीत दाखवलेल्या व्यक्तीची संमती घेतली आहे काय, याविषयी आपल्या निवडणूक कायद्यात स्वतंत्र कलम नाही.

बातमीच्या वेषातली जाहिरात

जाहिरात निदान जाहिरात म्हणून ओळखता येते. जी बातमीच्या रूपात येते तिचे काय, हा प्रश्न यवतमाळच्या शेजारच्याच नांदेड जिल्ह्यातून देशभर गेला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर, शब्दही न बदलता, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावे छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिले. चव्हाण यांनी आपल्या हिशेबात वृत्तपत्र जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये खर्च दाखवला होता. हा मजकूर आपण पैसे देऊन छापून आणल्याचा आरोप त्यांनी नाकारला. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये त्यांना नोटीस बजावली. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्याच्या भाषेत प्रकरण तिथे संपले.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने मात्र ते संपलेले नाही. भारतीय प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने वृत्तसंस्थांची नावे घेऊन तयार केलेला अहवाल कौन्सिलने २०१० मध्ये संक्षिप्त करून प्रसिद्ध केला. मूळ अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये उजेडात आला. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये ‘लोकमत’ साप्ताहिक ज्या यवतमाळातून सुरू केले, त्या गावातल्या वाचकाला या घसरणीची टोचणी अधिक लागावी, हे स्वाभाविक आहे. आज जिल्हा पातळीवरील माध्यम समिती अशा मजकुरावर लक्ष ठेवते. संशयास्पद मजकूर आढळला तर निवडणूक निर्णय अधिकारी ९६ तासांत नोटीस देतो, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचे असते आणि आरोप टिकला तर जाहिरातीच्या दराने रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते. शिक्षा एवढीच. दराने धरलेली रक्कम मर्यादेत बसली तर उमेदवाराचे काहीच बिघडत नाही.

‘लाव रे तो व्हिडिओ’

२०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने ‘मी लाभार्थी’ ही मोहीम काढली. खऱ्या माणसांचे चेहरे, त्यांच्या तोंडी सरकारचे आभार, असे तिचे स्वरूप होते. जाहिरातीतील एका शेतकऱ्याला मिळालेला लाभ आधीच्या सरकारच्या काळातला असल्याचा वाद तेव्हाच उद्भवला. ही पक्षाची नव्हे, सरकारी पैशाने झालेली जाहिरात होती. अशा जाहिरातींवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये निर्बंध घालून केवळ राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांच्याच छायाचित्रांना परवानगी दिली होती. मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री व मंत्र्यांनाही मुभा मिळाली. नेत्यांच्या चेहऱ्यांविषयी न्यायालयात इतका खल झाला. लाभार्थ्यांच्या चेहऱ्यांविषयी तसा खल झाल्याचे दिसत नाही.

तो प्रश्न न्यायालयाऐवजी सभेच्या व्यासपीठावर आला. एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे राज ठाकरे यांनी एकही उमेदवार उभा न करता सभांचा धडाका लावला. मोठ्या पडद्यावर सरकारी जाहिरात किंवा नेत्याचे जुने भाषण दाखवायचे आणि लगेच त्याच्या विरुद्ध वस्तुस्थिती दाखवायची, ही त्यांची पद्धत होती. मेळघाटातील हरिसाल हे गाव ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहिरातीत झळकले होते. त्या जाहिरातीतील तरुणालाच त्यांनी सोलापूरच्या सभेत व्यासपीठावर आणले आणि तो कामाच्या शोधात फिरत असल्याचे सांगितले. मुंबईच्या सभेत तर समाजमाध्यमावरील एका भाजप समर्थक पानाने लाभार्थी म्हणून ज्यांचे छायाचित्र वापरले, ते कुटुंबच उभे केले. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य त्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत पोहोचले. भाजपने ‘बघाच तो व्हिडिओ’ म्हणून प्रत्युत्तराची सभा घेतली. उमेदवारच नसलेल्या पक्षाच्या या सभांचा खर्च कोणाच्या खात्यात धरायचा, हा प्रश्नही आयोगाकडे नेण्यात आला.

अमेरिकेत जॉन स्टुअर्ट यांनी १९९९ ते २०१५ या काळात ‘द डेली शो’ या कार्यक्रमात हेच तंत्र रुळवले होते. नेत्याचे आजचे आणि कालचे विधान पाठोपाठ दाखवायचे, विनोद आपोआप होतो. २००८ मध्ये टिना फे यांनी सारा पेलिन यांची नक्कल करताना काही जागी पेलिन यांचीच वाक्ये जवळपास जशीच्या तशी वापरली होती. तिथे हे काम विनोदी कलावंत करतात. इथे ते एका पक्षाच्या अध्यक्षाने केले, जो स्वतः व्यंगचित्रकारही आहे. हशा आणि टाळ्यांचे मतांत रूपांतर होईलच असे नाही, हे मात्र निकालाने दाखवले. राज्यातील ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या.

उपहासाचीही एक मर्यादा विदर्भाने पाहिली आहे. ऑगस्ट २०१० मध्ये आमीर खान यांच्या संस्थेचा, अनुषा रिझवी दिग्दर्शित ‘पिपली लाइव्ह’ प्रदर्शित झाला. आत्महत्या जाहीर करणाऱ्या शेतकऱ्याभोवती वाहिन्या आणि पुढारी यांची जत्रा भरते, असे त्याचे कथानक. चित्रपटाचा रोख शेतकऱ्यावर नव्हे, कॅमेऱ्यावर होता. तरीही शेतकऱ्यांची थट्टा होते, म्हणून विदर्भ जनआंदोलन समितीने त्यावर बंदीची मागणी केली. समीक्षकांना ही मागणी अडाणीपणाची वाटली. पण ज्या घरांनी वाहिन्यांची जत्रा प्रत्यक्ष सोसली, त्यांना तिची नक्कल पडद्यावर पाहून हसू येईल, ही अपेक्षाही जरा अतिच होती.

झडत्या

यवतमाळला राजकीय उपहास शिकण्यासाठी चित्रपट किंवा वाहिनी लागत नाही. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला पोळा भरतो. सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या राहतात आणि तोरण तुटण्याआधी झडत्यांची जुगलबंदी रंगते. झडती म्हणजे यमक जुळवून म्हटलेली चार-सहा ओळींची रचना; शेवटी सारे महादेवाचा गजर करतात. एका बाजूने झडती पडली की दुसऱ्या बाजूने उत्तर आलेच पाहिजे. विषय ठरलेले नाहीत. पाऊस, सावकार, हुंडा, कपाशीचे भाव, बोगस बियाणे, पटवारी, आमदार, कोणीही सुटत नाही. पुढारी समोर खुर्चीवर बसलेला असला तरी त्याच्यावर झडती पडते आणि त्याला हसावे लागते. झडतीला कवी नसतो, निदान त्याचे नाव कोणी विचारत नाही. शेजारच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर बडगे निघतात. महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या वर्षीच्या दुखण्यांचे पुतळे मिरवून जाळले जातात.

वऱ्हाडातल्या या प्रकाराचे राजकीय वजन बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. महाराष्ट्रात अलीकडच्या विधानसभा निवडणुका २००९, २०१४ व २०१९ मध्ये ऑक्टोबरात आणि २०२४ मध्ये नोव्हेंबरात झाल्या. पोळा त्याआधी दोन-तीन महिने येतो. उमेदवारीच्या इच्छुकांचे फलक तोवर चौकात लागलेले असतात. गावाचे मत काय आहे, हे सर्वेक्षणापेक्षा तोरणाखाली आधी कळते, असे जुने कार्यकर्ते सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. परंतु इथे बोलणारा शेतकरी स्वतः असतो आणि समोर बसून ऐकणारा पुढारी, हा क्रम प्रचाराच्या नेमका उलट आहे. अलीकडे झडत्यांच्या चित्रफिती मोबाईलवर फिरू लागल्यापासून पक्षही आपल्या सोयीच्या झडत्या तयार करून घेतात. त्या लगेच ओळखू येतात, कारण त्यांत कोणी दुखावत नाही.

यापुढचा धोका वेगळा आहे. यंत्राने तयार केलेला आवाज आणि चेहरा आता सहज उपलब्ध आहे. निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ रोजी पक्षांना सूचना देऊन अशी बनावट सामग्री निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढून टाकण्यास सांगितले. कापसाच्या बोंडांमध्ये उभा असलेला, डोक्याला रुमाल बांधलेला, हवे ते बोलणारा शेतकरी बनवायला आता दाभडीला जाण्याची गरज उरलेली नाही.

उमेदवार वैशाली येडे

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्याने मोठा गदारोळ झाला. अखेरीस उद्घाटन झाले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, अंगणवाडीत मदतनीस, एवढीच त्यांची तोवरची ओळख होती. अडचणीतून वाट काढण्यासाठी आयोजकांनी एका विधवेला पुढे केले, अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती.

परंतु येडे त्या आधीपासून रंगमंचावर होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या महिलाच काम करतात. सरकारी मदतीचे निकष, नातेवाइकांचे वागणे, विधवेच्या वाट्याला येणारा हिशेब, हे सारे त्या स्वतः बोलतात. संमेलनाच्या व्यासपीठावरही त्यांनी आभाराचे दोन शब्द बोलून खाली बसणे पत्करले नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी बच्चू कडू यांच्या प्रहार जनशक्ती पक्षाने त्यांना यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची उमेदवारी दिली. समोर शिवसेनेच्या भावना गवळी आणि काँग्रेसचे माणिकराव ठाकरे होते. प्रचाराला लोकवर्गणीचा आधार होता. गवळी विजयी झाल्या, येडे पराभूत झाल्या. त्या पक्षाच्या प्रचारातही त्यांचे वैधव्य हाच पहिला परिचय होता, हे नाकारता येत नाही. फरक इतकाच की भाषण त्या स्वतः करत होत्या.

निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि नाममात्र शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. मंडप, वाहने, भोंगे, पत्रके, चहा-नाश्ता, अशा ओळी त्यात असतात. यवतमाळच्या जिल्हा निवडणूक कार्यालयात हे हिशेब पाहायला येणाऱ्यांत पराभूत उमेदवारांचे कार्यकर्ते, क्वचित एखादा पत्रकार असतो. सामान्य मतदारालाही तो अधिकार आहे.